खोबण

आमच्या फ्लॅटच्या नकाशात बाहेरच्या खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीला एक खाच दाखवलेली आहे. सात फूट रुंद आणि चार फूट खोल. नकाशा काढणाऱ्याने तिच्यात बारीक रोमन अक्षरांत ‘अल्कोव्ह’ असा शब्द लिहून ठेवला आहे. हा शब्द मूळचा अरबी. ‘अल-कुब्बा’ म्हणजे घुमट. अरबांबरोबर तो स्पेनमध्ये गेला, तिथे ‘अल्कोबा’ होऊन झोपण्याच्या खोलीसाठी रूढ झाला, फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आला आणि असा फिरत फिरत नाशिकच्या इंदिरानगरमधल्या ४२० चौरस फुटांच्या घरात येऊन थांबला. आम्ही मात्र त्या जागेला पहिल्या दिवसापासून ‘खोबण’च म्हणत आलो. दात खोबणीत बसतो, डोळा खोबणीत बसतो, तशी तिथे एक खाट बसली.

या खोबणीचे काय करायचे, हा प्रश्न गेली दोन वर्षे आमच्या घरात चर्चेला होता. प्रश्न अगदी सामान्य आहे. छोट्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतो. घरात सामान वाढते, भिंती वाढत नाहीत. मग जिथे माणूस झोपत होते तिथे कपाट करावे, असे कुणीतरी सुचवते. आमच्याकडे ते मीच सुचवले होते. पण सुतार बोलावण्यापूर्वी या प्रश्नाभोवती जे विचार जमत गेले, ते मराठीच्या शिक्षकाला टाळता येण्यासारखे नव्हते.

पहिला विचार अर्थातच शब्दांचा. घरात वस्तू कुठे राहतात हे सांगणारे किती शब्द मराठीत आहेत पाहा. कोनाडा, देवळी, फडताळ, मांडणी, शिंके, खुंटी, वलणी, उतरंड, घडवंची, कणगी, बळद, पेव, कोठी, माळा, पोटमाळा. यांतला एकही दुसऱ्याचा निव्वळ पर्याय नाही. देवळीत दिवा राहतो, कणगीत धान्य. पेव जमिनीखाली असते, बळद घराच्या बांधणीतच. आता माणूस कुठे झोपतो हे सांगणारे शब्द शोधा. ‘शयनगृह’ संस्कृतातून उचललेले, ‘झोपण्याची खोली’ हे उघडच भाषांतर. ‘शेजघर’ हा सुंदर शब्द आपल्याकडे आहे. पण तो देवांचा, राजाराणीचा आणि फार तर नवपरिणितांचा. आजीचे शेजघर, मुलांचे शेजघर असे कुणी म्हटलेले मी ऐकलेले नाही. मराठी घराने वस्तूंना नेमून जागा दिली. माणसाच्या झोपेला मात्र अशी नेमून दिलेली जागा नव्हती.

याचे कारण साधे आहे. झोप गुंडाळून ठेवता येत असे. रात्री सतरंजी, गोधडी, उशी. सकाळी त्यांची वळकटी, आणि वळकट्यांची चळत घडवंचीवर. ज्या माजघरात रात्री दहा माणसे झोपत, तिथेच सकाळी धान्य निवडले जाई, दुपारी पाने मांडली जात आणि संध्याकाळी शुभंकरोती होई. मुंबईच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांमध्ये एकेक कुटुंब तीन-तीन पिढ्या राहू शकले, ते खोलीच्या आकारामुळे नव्हे, तर या गुंडाळण्याच्या कलेमुळे. जपानी घरांतही हेच तत्त्व दिसते. तिथे सकाळी गादी उचलून ‘ओशिइरे’ नावाच्या भिंतीतल्या कपाटात ठेवतात आणि तातामीच्या चटया दिवसभरासाठी मोकळ्या होतात. उलट हॉलंडमध्ये थंडीपासून बचाव म्हणून लाकडी कपाटातच बिछाना करण्याची पद्धत होती. एका संस्कृतीने अंथरूण कपाटात ठेवले, दुसरीने माणूसच कपाटात ठेवला.

आपण खाट आणली, मग पलंग, मग डबलबेड. झोपेला कायमची जागा मिळाली आणि त्या जागेने दिवसाचे चोवीसही तास बळकावले. सहा बाय सहाचा पलंग म्हणजे ३६ चौरस फूट. आमच्या आतल्या खोलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. मग त्या पलंगाच्या पोटात पेटी करून आपण गेलेली जागा परत मिळवू पाहतो. आज ज्याला ‘स्टोरेज बेड’ म्हणून कौतुकाने विकले जाते, ती खरे तर वळकटी सोडून दिल्याची भरपाई आहे.

इथवर विचार आला की वाड्यांविषयी गहिवर दाटून येण्याचा धोका असतो. मराठी ललित लेखनाला हा गहिवर नवा नाही. म्हणून सासूबाईंनी सांगितलेली एक गोष्ट इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. त्यांना सगळे अक्का म्हणत. सराफ बाजाराच्या मागच्या एका वाड्यात त्या भाडेकरू म्हणून चाळीस वर्षे राहिल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा दोन खोल्यांत नऊ माणसे. पुरुष ओसरीवर किंवा माळ्यावर झोपत, कारण तिथे वारा येई. सासूबाई देवाजवळ, कारण तिथे ऊब. अक्कांच्या वाट्याला पाण्याचे हंडे आणि जाते यांच्यामधली जागा आली. “अंथरूण सगळ्यांत शेवटी घालायचं आणि सगळ्यांत आधी काढायचं. पाय लांब केला की हंड्याला लागायचा. मग कायमची सवयच झाली, पाय पोटाशी घ्यायची,” त्या सांगत. त्यात तक्रार नसे. हवामान सांगावे तसे सांगत.

म्हणजे झोप गुंडाळण्याची ती कलासुद्धा सर्वांना सारखी लागू नव्हती. वळकटी सर्वांची होती, पण वळकटी कुठे पसरायची याची उतरंड ठरलेली होती. लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर जलालपूर, नाशिकपासून अगदी जवळ, गोदावरीच्या काठी. ‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकवताना त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याच्या हकिकतींवर मुले हसतात, आणि हसावे असेच ते लिहिलेले आहे. पण त्याच हकिकती घराचा नकाशा समजून वाचल्या, तर कुठल्या वस्तूला कुणी कधी शिवायचे, कुणी कुठवर यायचे, यावर अख्खे घर कसे आखलेले होते ते दिसते. महिन्याचे तीन दिवस बाहेर बसायचा कोपरा, बाळंतिणीची अंधारी खोली, विधवेची स्वयंपाकघरालगतची जागा. हे सगळे त्या ‘प्रशस्त’ घरांचेच भाग. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) वाड्यापुढे बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा असतो. आपण त्याच्याकडे सरंजामी ऱ्हासाचे प्रतीक म्हणून बोट दाखवतो. मला अलीकडे वाटते, तो एक साधा गृहव्यवस्थेचा प्रश्नही आहे. जी वस्तू हलवता येत नाही तिच्याभोवती माणसांनाच वाट काढावी लागते.

२००८च्या सप्टेंबरात गोदावरीला मोठा पूर आला. नाशिककर पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीवरून. पाणी गुडघ्याला लागले की कमरेला, यावर गावाची चिंता ठरते. त्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरले आणि वाड्याच्या मातीच्या भिंती आणखी खचल्या. जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना महापालिका दर पावसाळ्यापूर्वी नोटिसा देते. त्या वाड्यालाही त्या येतच होत्या. दिवाळीपूर्वी अक्का आमच्याकडे आल्या. एक ट्रंक, एक पाटा-वरवंटा, देवांचे ताट आणि दोन गोधड्या एवढेच त्यांचे सामान. खोबणीत आधीपासून असलेली खाट त्यांची झाली.

तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्या कुणासाठी रिकामी करावी न लागणारी जागा त्यांना मिळाली होती. चार बाय सात फूट. तरीही रोज पहाटे साडेपाचला त्या अंथरुणाची वळकटी करत आणि ती खाटेच्या पायथ्याशी ठेवत. “राहू द्या ना अक्का, कुणाला लागतेय ती जागा?” असे मी अनेकदा म्हटले. त्या म्हणत, “कुणी आलं-गेलं तर बसायला नको?” चौदा वर्षे हा संवाद शब्दही न बदलता होत राहिला. २०२२च्या श्रावणात त्या गेल्या. त्या दिवशीही वळकटी केलेली होती.

रिकाम्या जागेला निसर्ग सोडत नाही म्हणतात. आमच्याकडे तरी नॅकने सोडले नाही. महाविद्यालयाच्या पुनर्मूल्यांकनाच्या फायली ‘चार दिवस’ म्हणून खाटेवर आल्या. मग २०१०नंतरच्या ‘एपीआय’ गुणांच्या काळात गोळा केलेली चर्चासत्रांची प्रमाणपत्रे, आयएसबीएन क्रमांक छापलेली पण कुणीही न उघडलेली शोधनिबंधांची जाडजूड संकलने, विद्यार्थ्यांचे प्रकल्प, नवऱ्याची नियतकालिकांच्या जुन्या अंकांची बांधलेली गठ्ठे, मुलीची दहावीची पुस्तके आणि आमच्या दोघांचा सुमारे दोन हजार पुस्तकांचा संसार. भालचंद्र नेमाडे यांनी २०१०मध्ये ‘हिंदू’ला ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ असे उपशीर्षक दिले, तेव्हापासून आमच्या पिढीच्या मराठी प्राध्यापकांना आपल्या घरच्या पसाऱ्यासाठी एक भारदस्त सबब मिळाली आहे. पण साठवण आणि अडगळ यांत फरक असतो. साठवण म्हणजे पुन्हा लागणारी वस्तू. ती हवी तेव्हा सापडते. अडगळ सापडते ती शोध दुसऱ्याच वस्तूचा चालू असताना.

मिस्त्री निफाडचे. त्यांनी टेप टाकली आणि माझी पहिली कल्पना पाच मिनिटांत निकालात काढली. खोबण जमिनीपासून छतापर्यंत कपाटाने भरून टाकावी, असे मला वाटत होते. सात गुणिले चार गुणिले साडेनऊ म्हणजे २६६ घनफूट! ते म्हणाले, “मॅडम, चार फूट खोल कपाट म्हणजे विहीर. मागचं काढायला पुढचं सगळं बाहेर. पुस्तकाला दहा इंच लागतात, कपड्यांना बावीस. बाकीचं सगळं अंधाराला.” गास्तों बाशलार या फ्रेंच विचारवंताने १९५८च्या आपल्या अवकाशविषयक ग्रंथात खण-पेट्या-कपाटांवर एक प्रकरण लिहिले आहे आणि कोपऱ्यांवर दुसरे. शहरी फ्लॅटना तो घर मानायलाच फारसा तयार नाही. तळघर आणि माळा नसलेल्या घरात स्वप्ने कुठे राहणार, असा त्याचा रोख आहे. पण खणाची खोली किती असावी हे त्याने सांगितलेले नाही. ते मला मिस्त्रींकडून कळले.

पुस्तकांचे वजन हा दुसरा धडा. घरच्या काट्यावर मी मोजून पाहिले: उभी लावलेली एक फूट मराठी पुस्तके साधारण अकरा किलो भरतात. सात फुटांची एक फळी म्हणजे पाऊणशे किलोंच्या वर. १९ मिलिमीटरचे प्लायवूड घेतले तरी मध्ये आधार नसेल तर वर्षभरात फळीला पोट येते. म्हणून दर २८ इंचांवर उभा आधार. तिसरा धडा ओलीचा. खोबणीची मागची भिंत बाहेरची आणि पश्चिमेकडची. पाऊस तिच्यावरच येतो. नाशिक म्हणजे काही इगतपुरी नव्हे, तरी जुलै-ऑगस्टात ती भिंत हाताला गार लागते. तिला चिकटवून फळ्या ठोकल्या असत्या तर पुस्तकांना बुरशी आणि लाकडाला वाळवी ठरलेली. तेव्हा आधी बाहेरून भेगा भरून भिंतीला वॉटरप्रूफ रंग, मग आत एक इंच मोकळी जागा, कपाटाच्या पाठीला हवेसाठी भोके. प्लायवूड साधे ‘कमर्शियल’ नको, ओल सोसणारे घ्या, असे मिस्त्रींनी बजावले. शिक्क्यावरचा ‘आयएस ७१०’ हा आकडा वाचून पाहायला मी तिथेच शिकले. काव्यशास्त्राच्या परिभाषेपेक्षा ही परिभाषा अधिक नेमकी आहे, आणि तिच्यात चूक झाली तर पावसाळ्यातच कळते.

हे सगळे ठरेपर्यंत मूळ प्रश्न मात्र तसाच होता. खाट ठेवायची की काढायची?

माझी आई सिन्नरजवळच्या गावी एकटी राहते. वय शहात्तर. भाऊ परदेशात. तिच्या मोतीबिंदूच्या वेळी ती पंधरा दिवस आमच्याकडे राहिली, तेव्हा खाटेवरच्या फायली खाली उतरवल्या आणि ती परत गेल्यावर पुन्हा वर चढवल्या. तिला इकडे कायमचे येण्याचा आग्रह मी दरवर्षी करते आणि ती दरवर्षी तो टाळते. खोबणीत कपाट करण्याविषयी मी फोनवर सांगितले तेव्हा ती लगेच म्हणाली, “कर ना! पुस्तकं जमिनीवर ठेवू नयेत. आणि मी कुठे येतेय? मला कशाला जागा अडवून ठेवतेस?”

आता ‘नटसम्राट’ (१९७०) हे नाटक मी गेली वीस वर्षे शिकवते आहे. शिरवाडकर याच गावचे. इथल्या मराठीच्या वर्गात हे नाटक काहीसे घरचे म्हणूनच वाचले जाते. सर्वस्व मुलांना वाटून टाकलेल्या आप्पासाहेबांना मुलाकडे आणि मुलीकडेही जागा उरत नाही, याचे विश्लेषण आम्ही कृतघ्नता, पिढ्यांतले अंतर, लिअर राजाशी तुलना अशा मुद्द्यांनी करतो. परीक्षेत ते मुद्दे गुण मिळवून देतात. पण घर प्रत्यक्षात माणसाला असे मोठ्या प्रसंगातून, संवाद म्हणून बाहेर काढत नाही. ते एखाद्या कपाटाच्या मापातून काढते. कुणाचेही मन दुष्ट नसते. सामान खरोखरच जास्त असते, मुलीला खरोखरच अभ्यासाला जागा हवी असते, आई स्वतःच “मला नको” म्हणते. आणि एक दिवस घराचा नकाशाच असा होतो की आलेल्या माणसाला चौथ्या दिवशी आपण अडचण होतो आहोत असे वाटावे. ‘मला कशाला जागा’ हे वाक्य मी अक्कांकडूनही ऐकले होते. ज्या बायका आयुष्यभर हंडा आणि जाते यांच्यामध्ये झोपल्या, त्यांच्या तोंडी ते वाक्य आपोआप येते. ते त्यांचे मत आहे असे समजून त्यावर घर बांधणे मला जमेना.

नवऱ्याचे म्हणणे वेगळे होते आणि तेही ऐकून घेण्यासारखे होते. “वर्षातून पंधरा दिवसांसाठी घराचा पंधरावा भाग राखून ठेवायचा? आई आल्या तर मी बाहेर गादी घालून झोपेन. आपण लहानपणी तसेच झोपलो.” हिशेब बरोबर होता, ४२० मध्ये २८ पंधरा वेळा जातात. मुलगी म्हणाली, “पण आजीला कळेल ना, की बाबा तिच्यामुळे खाली झोपतो.” पंधरा वर्षांच्या मुलीने हे म्हटल्यावर पुढे चर्चा झाली नाही.

मग मिस्त्रींनी जे केले ते असे. तीन फूट रुंदीची खाट खोबणीच्या तोंडाकडे सरकवली. मागे भिंतीलगत दहा इंचांची जागा उरली, तिथे चार ओळींची मांडणी, खाटेच्या वर उशीला टेकून बसता येईल एवढी उंची सोडून. तिथे पावणेचारशे पुस्तके बसली. सात फुटांच्या वर छतापर्यंत बंद कपाट. त्यात वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू. खाटेखाली पेटी नको, खण हवेत, असे मी म्हटले. पेटी उघडायची तर गादी उचलावी लागते, आणि शहात्तर वर्षांच्या बाईला स्वतःचे पातळ काढण्यासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागते. म्हणून चाकांच्या पट्ट्यांवर सरकणारे तीन खण. उरलेली पुस्तके? सुमारे सहाशे, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने पेठ तालुक्यात वाचनालय सुरू केले आहे, तिकडे गेली. संकलने रद्दीत गेली. त्यांतली दोन माझीही होती. काम बारा दिवस चालले आणि घरभर लाकडाचा भुसा महिनाभर सापडत राहिला.

जागा एकूण किती मिळाली, असे कुणी विचारले तर फार नाही. माझ्या मूळ कल्पनेच्या चौथा हिस्साही नाही. पहिल्या खणात फायली, दुसऱ्यात अंथरुणे. तिसरा रिकामा ठेवला आणि आईला फोन करून तसे सांगितले. येण्याविषयी ती याही वेळी काही बोलली नाही. थोडा वेळ फोनवर शांतता होती. मग तिने विचारले, “त्या खणाला कुलूप आहे का गं?”

नव्हते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना पुन्हा बोलावले. कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या. एक चुकून हरवली तर असावी म्हणून दुसरी आमच्याकडे ठेवा, असे ते म्हणाले. दोन्ही मी एकाच दोऱ्यात ओवून सिन्नरला पाठवल्या.